ओसरीवरचा बाजार

साडेनऊ वाजून गेले तरी अण्णांचं 'आहे' आलं नव्हतं.

मी पोळ्या लाटता लाटता दर दोन मिनिटांनी मोबाईलकडे बघत होते. पिठाच्या बोटांनी पडदा पुसायचा, पुन्हा बघायचं. शेवटी धनपाल म्हणाला, "अगं, तव्यावरची जळतेय. येईल की. रविवार आहे आज. त्या नाववाल्यांचा बाजार असतो ना? अडकलं असेल."

"हेच! हेच म्हणतेय मी महिनाभर!" मी लाटणं आपटलं. "अडकलंय, की माणसानं टाकलेलंच नाही, हे कळायचं कसं?"

नवऱ्यानं गॅस बंद केला आणि गप्प बसला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस एवढं शिकतोच.

'ओसरी' म्हणजे काय हे आधी सांगायला हवं. कुण्या कंपनीची नसलेली, कुणा एका मालकाची नसलेली अशी ती एक जागा होती. ब्लॉकचेनवर चालायची. तिथं लोक लिहायचे. कुणी पाककृती, कुणी प्रवासवर्णन, कुणी नुसतीच सुनेची गाऱ्हाणी. लिहिलेलं एका ठिकाणी ठेवलेलं नसायचं. आम्हा निवडून दिलेल्या लोकांच्या घरोघरच्या यंत्रांवर त्याच्या सारख्याच प्रती असायच्या. आम्हाला राखणदार म्हणायचे. माझं यंत्र कोल्हापुरात आमच्या माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी घरघरत असायचं. ओसरीवर हुकूम कुणाचाच चालत नसे. काही बदलायचं असेल तर राखणदारांनी मतं द्यायची, आणि बहुतेकांनी मानलं तरच ते व्हायचं.

'आहे' ही ओसरीवरची रीत. आमच्यातल्या एक बाई एकट्या राहायच्या. त्या गेल्या, आणि कुणाला पत्ताच लागला नाही. त्यानंतर ठरलं, की एकट्या राहणाऱ्यानं रोज सकाळी चहा झाला की ओसरीवर एकच शब्द टाकायचा, 'आहे'. कुणाचा शब्द आला नाही की जवळपासच्यानं फोन करायचा, नाहीतर जाऊन यायचं. आई गेल्यावर मीच अण्णांना ओसरीवर आणलं ते याच्यासाठी. कुरुंदवाडच्या घरात ते एकटे. फोनचा उपयोग नाही, कारण त्यांना ऐकूच येत नाही. उभा जन्म लाउडस्पीकरच्या धंद्यात गेला. लग्नं, जत्रा, निवडणुका, सगळीकडे 'चौगुले साउंड'. कर्ण्याखाली बसून बसून कान गेले ते गेलेच. पण 'आहे' मात्र रोज यायचं. ते बघितलं की मी चहाचा पहिला घोट घ्यायची.

आणि मग ओसरीवर 'ऐलपैल' आलं.

तो एक खेळ होता. नदी, तिच्यावर नावा, या तीरावरून त्या तीरावर माल न्यायचा. नाव तुमची म्हणजे खरोखर तुमचीच, ओसरीवर तुमच्या नावानं कायमची नोंदलेली. खेळ काढणारा उद्या पळाला तरी नाव तुमच्याकडे राहणार. म्हणून तर तो खेळ आमच्याकडे आला होता. ओसरीवर यायला कुणाची परवानगी लागत नाही ना! बघता बघता हजारो माणसं आली. प्रत्येक वल्ह्याच्या मारागणिक ओसरीवर एक नोंद. रविवारी सकाळी त्यांचा मोठा बाजार भरला, की आमचं लिखाण दाटीवाटीत अडकायचं. 'आहे' म्हणून टाकलेला शब्द दुपारी उमटायचा.

दोनदा मी जीव मुठीत धरून कुरुंदवाडला धावले होते. एकदा अण्णा दाढी करत होते, अर्ध्या गालाला फेस. दुसऱ्यांदा कट्ट्यावर बसून कलिंगड खात होते. "आलीस व्हय? बस की, फोड घे," म्हणाले. मी तिथंच रडले होते, रागानं.

म्हणून ठराव मांडला मीच. नवी आवृत्ती काढायची आणि तिच्यात ऐलपैलच्या नोंदी घ्यायच्याच नाहीत. म्हणजे खेळाला ओसरीवरून उठवायचं. ओसरीवर त्यावर अशी काही जुंपली म्हणता! खेळवाले म्हणाले, परवानगी लागत नाही म्हणता आणि हाकलता कसे? आमचे जुने म्हणाले, ही लिहिणाऱ्यांची जागा आहे, जुगाराचा अड्डा नव्हे. खेळ काढणारा दिगंबर पुजारी नावाचा कुणी होता, तो फारच नम्रपणे लिहायचा, त्यामुळे माझा आणखी संताप व्हायचा. आणि एक होता 'काठावरचा'. हे त्याचं खेळातलं नाव. खरं नाव कुणाला ठाऊक नाही. तो मलाच नेमका भिडायचा. एकदा लिहितो, "बाई, घरात पोरं आली की गलका होणारच. म्हणून कुणी पोरं बाहेर काढतं का?" मी उत्तर दिलं, "तुम्ही काठावरच बसा. ज्याचं माणूस पलीकडे एकटं आहे त्याला विचारा." त्यावर त्यानं काही लिहिलं नाही. मला वाटलं, जिरवली.

ओसरीवर आणखी एक रीत होती. ठराव ज्यानं मांडला त्यानं मत सगळ्यांत शेवटी द्यायचं. दुसऱ्यांचं ऐकून घ्यायला वेळ मिळावा म्हणून. त्या रविवारी सगळ्यांची मतं पडून झाली होती. पारडं अगदी बरोबरीत होतं आणि माझं एकटीचं राहिलं होतं. सूर्यास्ताला मुदत संपणार होती. मी काय मत देणार हे जगाला ठाऊक होतं.

दहा वाजले. 'आहे' नाही. शेजारच्या मगदूम काकूंना फोन लावला, तर मागं सनई. "अगं, आम्ही समदी बेळगावला, लग्नात! काय झालं गं?" मी 'काही नाही' म्हणाले आणि गाडीची किल्ली घेतली.

"मी येतो," धनपाल म्हणाला.

"तू माळ्यावरच्या यंत्राकडे बघ. आलं की फोन कर."

फोन आलाच नाही. हातकणंगले गेलं, जयसिंगपूर गेलं. शिरोळच्या पुढं ऊस भरलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले. मी हॉर्नवरचा हात काढला नाही. मनात सारखं एकच: या वेळी दाढीचा फेस असू दे. कलिंगड असू दे. मी हसेन, अजिबात रडणार नाही, पण फेस असू दे.

गल्लीत वळले आणि पाय ब्रेकवरच राहिला. आमच्या दारात चपलांचा ढीग होता.

आपल्याकडे एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या दारात एवढ्या चपला कशासाठी जमतात, हे कुणी सांगावं लागत नाही. बायकांच्या, पुरुषांच्या, धुळीच्या, चकचकीत. दोन मोटरसायकली, एक स्कूटर, एक रिक्षा. भिंतीला टेकून दोघंजण खालच्या आवाजात बोलत होते, मला बघून गप्प झाले आणि बाजूला सरले. एक अनोळखी बाई आतून तांब्या घेऊन आली, पाणी दारात ओतलं, आत गेली. मी गाडीचं दार उघडलं, पण मला उतरता येईना. मला आठवतंय, त्या चपला मोजू नयेत म्हणून मी आभाळाकडे बघत होते.

आणि आतून आवाज आला. कर्ण्यासारखा.

"अरे साखर घाला की च्यात! मधुमेह मला हाय, पाव्हण्यास्नी न्हाई!"

मी कशी आत गेले ते मला सांगता यायचं नाही. अण्णा मधल्या खोलीत कॉटवर होते, पाठीला दोन उशा, उजव्या पायाला घोट्यापासून वरपर्यंत पांढरं बँडेज. कपाळावर खरचटलेलं. भोवती सहा-सात माणसं, कुणी स्टुलावर, कुणी जमिनीवर, सगळ्यांच्या हातात कपबशा.

"आलीस?" अण्णा म्हणाले. "गाडी सावकाश चालवलीस न्हवं?"

मी त्यांच्या छातीवर डोकं टेकलं आणि ठरवलेलं सगळं मोडून भोकाड पसरलं.

"आगं आगं, तिरू. पाय मोडलाय, बाप न्हाई." ते माझ्या डोक्यावर थापटत राहिले. "पाव्हणी काय म्हणतील!"

"काय म्हणणार न्हाई," मघाची तांब्यावाली बाई म्हणाली. पन्नाशीची, केस लालसर रंगवलेले, भुवया अगदी कोरलेल्या. "रडू दे की त्यास्नी. ताई, पाणी घ्या आधी."

तिनंच सांगितलं सगळं. अण्णा सकाळी उजाडताच परसात शेवग्याच्या शेंगा काढायला स्टुलावर चढले होते. स्टूल सरकलं. घोटा मोडला. मोबाईल आत राहिला, हाका मारल्या तर शेजारी कुलूप. तिथंच मातीत पडून राहिले होते.

"मी आलो आणि ह्या समद्यास्नी बोलावलं. डॉक्टर येऊन बघून गेलेत, तुमास्नी फोन लावणार तवर तुम्हीच आला. दुपारी प्लॅस्टर घालायचंय, रिक्षा सांगितलिया. ती दारातली आपलीच."

"पण तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं. "आणि तुम्ही कोण?"

ती बाई अण्णांकडे बघायला लागली. जमिनीवर बसलेले कपबशीत बघायला लागले. अण्णा छताकडे.

"मी सुनंदा बिरनाळे," ती शेवटी म्हणाली. "जयसिंगपुरात पार्लर हाय माझं. माझी नाव पहाटेपासनं मधी अडकली न्हवं का."

"कसली नाव?"

"ऐलपैलातली, ताई. ऐलतीरावरनं एकानं नाव ढकलायची, पैलतीरावरनं दुसऱ्यानं दोर ओढायचा. एकट्याला नदी पार करताच येत न्हाई तिथं. माझा दोर आण्णा वढतात. रोज आंघोळ झाली की पयलं काम त्येंचं त्ये. आज बाजार भरायच्या आधीच मी ढकलून बसलो, वाट बघितलो, दोर काय हलंना. म्हणलं, आण्णा दोर सोडणारा माणूस न्हवं. गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेशियल लावलेलं तसंच ठेवलं आणि निघालो बघा."

"फेशियल तसंच?" जमिनीवरचा एकजण म्हणाला.

"नवरी हाय ती, जाती कुठं!"

सगळे हसले. मी हसले नाही. मी अण्णांकडे वळले. "तुम्ही ऐलपैल खेळता?"

"काय?" अण्णांनी कानामागं हात नेला.

"ऐकू आलंय तुम्हाला! खेळता?"

"जरा जरा."

"जरा?" सुनंदा उसळली. "सात नावा हायत! टोळीचं तांडेल, म्होरके हायत ह्ये आमच्या. 'काठावरचा' म्हणलं की मिरजेपातुर मानत्यात."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. काठावरचा! महिनाभर ज्याच्याशी मी भांडत होते, ज्याची जिरवली म्हणून नवऱ्याला वाचून दाखवत होते, तो माझा बाप होता. माझ्याच बापानं मला 'बाई' म्हणून पोरांचा दाखला दिला होता.

"तुम्ही... तुम्ही मला बाई म्हणालात, अण्णा!"

"मग काय म्हणायचं? चारचौघात पोरगी म्हणून वळख दिली असती तर तुझी राखणदारी राहिली असती का?" ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "आणि तू लई चांगलं भांडतीस. मला अभिमान वाटला."

आता मात्र माझंही हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असताना. तेवढ्यात खिडकीपाशी उभा असलेला एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस पुढं आला आणि त्यानं हात जोडले.

"ताई, मी दिगंबर. वाडीत राहतो, नदीच्या पलीकडेच. अण्णांकडं बासुंदी खायला येतो महिन्यातनं एकदा. आम्ही सगळेच येतो."

सगळेच येतात! माझ्या बापाच्या घरी दर महिन्याला पंगत उठत होती आणि मला ठाऊक नव्हतं. मी रोज सकाळी एक शब्द बघत होते आणि समजत होते की मला सगळं कळतंय.

पण दिगंबरचं नाव ऐकलं आणि जुना राग आलाच. सवयच ती. "हे बघा, तुम्ही आज आलात, माझ्या वडिलांना उचललंत, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण ठराव ठरावाच्या जागी. तुमच्या बाजारामुळं ओसरीवर शब्द अडकतात. आज साडेनऊला मला कळायला मार्ग नव्हता, की अण्णांचा शब्द गर्दीत आहे की अण्णा मातीत आहेत. उद्या दुसऱ्या कुणाचा बाप असेल आणि तो ऐलपैल खेळत नसेल. त्याच्या दारात कोण येणार?"

दिगंबरनं चष्मा पुसला.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "आणि खरं सांगायचं तर मी निघायच्याच तयारीत होतो. दुसरी ब्लॉकचेन बघून ठेवलीय, मोठ्या कंपनीची. तिथं जागा भरपूर. पण तिथं कंपनी म्हणेल तसं. उद्या त्यांना नको वाटलं तर नावा बुडाल्या. इथल्यासारखं नाही."

"आणि तिथं बासुंदी न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांना नको तेव्हा सगळं ऐकू येत होतं. "तिरू, माझं ऐक. जत्रंत एका गल्लीत दोन मंडळं असायची. ह्या बाजूला भजन, त्या बाजूला तमाशा. दोन्हीकडं कर्णे माझेच. भजन चालू असताना तमाशाचा कर्णा मी बंद ठेवायचो. आटपलं की मग सोडायचो. सकाळी 'आहे' म्हणायच्या वक्ताला ह्यानं बाजार बंद ठेवायचा. मिटलं."

"मिटलं नाही, अण्णा," दिगंबर म्हणाला. "बाजार पुढं ढकलला तर गर्दी पुढं जाईल. बाकीच्यांचं लिखाण तेव्हा अडकेल."

"व्हय?" अण्णा जरा हिरमुसले. "आमचा तमाशा रात्रभर चालायचा, म्हणून जमायचं."

मी कॉटच्या कडेला बसले होते. राखणदार म्हणून मला यंत्रं कळत होती आणि एवढ्या दिवसांत मी ती फक्त अडवण्यासाठी वापरली होती. "वल्ह्याच्या प्रत्येक माराची नोंद ओसरीवर कशाला हवी?" मी विचारलं. "दिवसभराच्या फेऱ्या तुमच्याकडं ठेवा आणि संध्याकाळी सगळ्यांची एकच मोट बांधून आणा. नावा कुणाच्या, तेवढं ओसरीवर राहू दे. वल्ही तुमच्या अंगणात मारा."

"ते मला करता येईल, ताई. कधीच केलं असतं. पण मग दिवसभर लोकांनी माझ्या एकट्याच्या यंत्रावर विश्वास ठेवायचा. मी खोटेपणा केला तर? असं कुणा एकावर विसंबायला लागू नये म्हणून तर ही माणसं ओसरीवर आली."

"म्हणून तुमच्या एकट्याच्या यंत्रावर नकोच. यांच्या यंत्रांवर ठेवा." मी सुनंदाकडे बोट केलं. "तुमच्या टोळ्यांनी फेऱ्यांच्या प्रती ठेवायच्या, एकमेकांशी ताडून बघायच्या, आणि मोट जुळली तरच ओसरीवर यायची. आणि त्यातल्या काहींनी ओसरीचेही राखणदार व्हायचं. इतके दिवस तुम्ही नुसते येऊन बसलात. ओसरी वापरता तर सकाळी झाडायलाही या की!"

हे मी जरा जोरातच बोलले असणार. दारातले दोघंही आत डोकावले.

"झाडू की," सुनंदा म्हणाली. "त्यात काय? माझ्या पार्लरात कोपरा हाय. यंत्राला लागतं काय लई? वीज आणि वारा ना? हेअर ड्रायरपेक्षा तर कमीच खाईल."

"आणि सकाळचं 'आहे'?" मी दिगंबरला विचारलं.

"त्याला वेगळी वाट ठेवू. गर्दी असो नसो, तो शब्द पुढं. ते तुम्हा राखणदारांच्या हातात आहे, आमचे लोक मत देतील त्याला."

"आणि असं करा," सुनंदा म्हणाली, "ज्येचा शब्द न्हाई आला, त्येच्या गावात आमची टोळी असंल तर आम्ही जाऊ. खेळत असू दे न्हाईतर नसू दे. मघाशी तुम्ही इचारला न्हवं का, त्येच्या दारात कोण येणार? आम्ही येऊ."

ती हे इतक्या सहज म्हणाली, जणू शेजारून वाटीभर साखर आणायची आहे. मी तिचा हात धरला. तिच्या हाताला अजून हळद-बेसनाचा वास येत होता, त्या नवरीच्या फेशियलचा.

दुपारी प्लॅस्टर झालं. सगळ्यांनी मिळून अण्णांना रिक्षातून नेलं आणि परत आणलं. मधल्या वेळात कुणी परसातल्या शेंगा गोळा केल्या, कुणी आमटी टाकली. आमच्या जैनांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, हे त्या सगळ्यांना माझ्याइतकंच पाठ होतं. उन्हं असतानाच पानं मांडली. दिगंबर जमिनीवर पालथा पडून लॅपटॉपवर ठरलेलं सगळं लिहून काढत होता आणि मी त्याच्या डोक्यावर उभी राहून खोडत होते. जेवायच्या आधी मी ओसरीवर माझं मत दिलं. माझ्याच ठरावाच्या विरोधात! मत देणाऱ्यानं कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, "यांना उठवू नये. यांनी झाडायला यावं." खाली आमची ठरलेली कलमं जोडली. ओसरीवर जो काही धुरळा उडायचा तो उडाला. माझ्या बाजूचे जुने मित्र कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हते. कलमं मंजूर व्हायला पुढं बरेच महिने गेले, त्यात दोनदा सगळं मोडता मोडता राहिलं. पण आज इतकी वर्षं झाली, ओसरीही आहे, ऐलपैलही आहे, आणि निम्म्याहून जास्त राखणदार नाववाले आहेत.

ती सगळी माणसं गेली तेव्हा दारात चपलांचे दोनच जोड राहिले, माझा आणि अण्णांचा. घर एकदम मोठं वाटायला लागलं. मी अण्णांच्या पायाखाली उशी सारखी केली. ते डोळे मिटून पडले होते, पण जागे होते.

"अण्णा," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हटलं, "मला का नाही सांगितलंत? खेळाचं, या माणसांचं, बासुंदीचं. मी रागावले असते म्हणून?"

"न्हाई गं. तुझ्या रागाला कोण भितंय?"

"मग?"

त्यांनी डोळे उघडले. मग माझा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. इतक्या हळू बोलले, की त्या कर्ण्यासारख्या माणसाचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"तू रोज सकाळी माझा एक शब्द बघायचीस आणि तुझा दिवस बरा जायचा. मला ठावं हाय त्ये. म्हणून मी एक दिवस चुकवला न्हाई. तुला एक शब्द पुरायचा, तिरू. मला पुरत न्हवता."

बाहेर मगदूम काकूंची गाडी आल्याचा आवाज झाला, कुणीतरी कुलूप काढलं, दिवा लागला. मी मोबाईल घेतला, धनपालला कळवलं की आज येत नाही, उद्याही नाही, आणि तो बंद करून कपाटावर ठेवून दिला. मग कॉटवर त्यांच्या शेजारी पाय वर घेऊन, लहानपणी बसायची तशी मांडी घालून बसले.

"सांगा आता," मी ओरडले, त्यांना ऐकू जाईल असं.

"काय सांगू?"

"काहीही. सगळं."

अण्णा जरा वर सरकून बसले, घसा खाकरला आणि बोलायला लागले.